बर्फातले तारामासे

प्रश्नाला उत्तर आलं नाही, तरी आमच्या मॅडमना घाई नसे. समोरचा विद्यार्थी उभा राहून नुसता बाकाकडे बघू लागला, की इतर शिक्षक "बस खाली" म्हणून पुढच्याकडे वळत. मॅडम वळत नसत. हातात खडू धरून, चेहऱ्यावर काही न आणता, त्या उभ्या राहत. वर्गात चुळबुळ होई, मागून कुणीतरी खोकून दाखवी, तरी त्या उभ्याच. रत्नागिरीच्या कॉलेजात पहिल्या वर्षी मी अशी पुष्कळदा उभी राहिले आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. उत्तर माहीत असायचं, पण ते ज्या बोलीत सुचायचं ती इथे चालेल की नाही, हे कळत नसे. मॅडम थांबल्या म्हणून ती उत्तरं बाहेर आली. एकदा मी घाबरून थेट घरच्या बोलीत बोलले आणि वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आता हेच पुस्तकातल्या भाषेत सांगा." कुणाला सांगता आलं नाही.

त्या प्राणिशास्त्र शिकवत. मुलं त्यांना पाठीमागे 'तारामॅडम' म्हणत, कारण प्रयोगशाळेच्या खिडकीखाली त्यांनी एका टाकीत तारामासे ठेवले होते. नव्या वर्गाला त्या पहिल्यांदा तिथेच नेत. एक तारामासा उचलून उलटा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता कुणी बोलू नका." पाठीवर पडलेल्या त्या प्राण्याचा एक हात इकडे वळे, दुसरा नेमका विरुद्ध बाजूला. थोडा वेळ पाचांची ओढाताण चाले. मग दोन हात एका बाजूला तळ धरत, उरलेले आपला हट्ट सोडत, आणि सगळं अंग सावकाश सुलटं होई.

"याला मेंदू नाही," मॅडम म्हणत. "मग कुठल्या बाजूला वळायचं हे ठरवलं कुणी?"

"हातांनी मतदान केलं, मॅडम," आमच्यातला एक मुलगा म्हणाला.

"चालेल. पण मतं मोजली कुणी?"

त्या प्रश्नातच त्यांचं सगळं संशोधन होतं. तारामाशाच्या तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं असतं आणि तिथून प्रत्येक हातात एक दोरी गेलेली असते. या दोऱ्यांमधल्या पेशी निरोप म्हणून प्रथिनांचे अगदी लहान तुकडे सोडतात. एक तुकडा पोचला की स्नायू सैल होतो, दुसरा पोचला की आवळतो. काही तारामासे शिंपल्याच्या फटीतून आपलं पोटच आत सोडतात आणि जेवण झालं की परत ओढून घेतात, तेही याच निरोपांवर. मॅडम ते फोडणीवरून समजावून देत. "हाक मारली की ती एकालाच मारलेली असते. हे फोडणीसारखं आहे. वास घरभर सुटतो, पण उठून कोण येतो? ज्याला भूक आहे तो." बाळाला दूध पाजणाऱ्या आईच्या शरीरात जे रसायन काम करतं, त्याचा लांबचा भाऊबंद तारामाशातही आहे, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला ते सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे त्याला पण कोणीतरी मायेचं हाय म्हणायचं."

मॅडमनी पीएच.डी.ला नाव घातलं ते फार उशिरा. मुलं मोठी झाली, सासूबाईंचं दुखणं सरलं, आणि निवृत्ती जवळ आल्यावर त्यांना स्वतःसाठी वेळ मिळाला. निवृत्तीच्या आत प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणी संपणार, अशी अट होती. साधनं म्हणाल तर कपाटातला एक जुना फिरता ढोल. त्याच्यावर काजळी धरलेला कागद गुंडाळायचा, काचेच्या नळीत समुद्राच्या पाण्यात पोटाची बारीक पट्टी टांगायची, तिचा दोरा काट्याला बांधायचा. मग तारामाशाच्या हातांतल्या मज्जादोऱ्यांचा अर्क थेंबाथेंबाने घालायचा. पट्टी सैल पडली की काट्याची पांढरी रेघ काळ्या कागदावर उतरत जाई. ती रेघ पाहताना मॅडम श्वाससुद्धा हळू घेत.

तारामासे दोन ठिकाणचे असत. ओहोटीला आम्ही मुली आरे-वारेच्या किनाऱ्यावर खडकांत जाऊन थोडे गोळा करायचो. पण कामाला पुष्कळ लागत, आणि ते माझ्या वडिलांकडून येत. बाबा एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. जाळ्यात येणारे तारामासे तोवर परत पाण्यात फेकले जात. मॅडमनी विचारल्यावर बाबांना त्याचा अभिमानच वाटला. बोट लागली की फोन येई, मी जेट्टीवर जाई, आणि बाबा समुद्राच्या ताज्या पाण्याने भरलेली बादली माझ्या हातात देत. आत तारामासे सावकाश हलत असत.

काम पुढे गेलं तशी एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. किनाऱ्यावरच्या तारामाशांची पट्टी अर्काने लगेच सैल पडे. बाबांनी आणलेल्या खोल पाण्यातल्या, त्याच जातीच्या तारामाशांची पट्टी ढिम्म राही. मॅडमनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच. एकाच प्राण्याची निरोप ऐकण्याची रीत खोलीप्रमाणे बदलते, असा त्याचा अर्थ लागत होता. विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक खूश झाले. प्रबंधाचं सर्वात मोठं प्रकरण त्यावर उभं राहिलं. मॅडमना इतकं आनंदात मी आधी पाहिलं नव्हतं. त्या वर्गात मधूनच हसत.

एका सुट्टीच्या दिवशी मी फोनची वाट न बघता जेट्टीवर गेले. बोट नुकतीच लागत होती. बाबा मासळीच्या कप्प्यात वाकले होते. त्यांनी बर्फाचा थर बाजूला केला, खालून ओल्या गोणपाटाची पुरचुंडी काढली, सोडली, आणि आतले तारामासे एकेक करून बादलीतल्या पाण्यात सोडले.

"बाबा, हे बर्फात?"

"मग काय उन्हात ठेवू? मॅडमचा माल हाय. पयला बर्फात तो जातो, सुरमई मागून."

मी बादली घेऊन थेट मॅडमच्या घरी गेले आणि पाहिलं ते सांगितलं. त्या बादलीवर वाकल्या. मग म्हणाल्या, "उद्या ओहोटी कधी आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही खडकातले तारामासे आणले. अर्धे टाकीत ठेवले, अर्धे गोणपाटात गुंडाळून, बाबा ठेवत तेवढा वेळ बर्फात ठेवले आणि मग पाण्यात सोडले. तेही सावकाश हलू लागले. पण त्यांची पट्टी ढोलावर चढवली तेव्हा रेघ उतरली नाही. सरळ गेली. मॅडमनी ढोल थांबवला आणि हात धुतले.

त्या संध्याकाळी त्या माझ्याबरोबर जेट्टीवर आल्या. बाबांच्या कानावर मी आधीच घातलं होतं. ते मान वर करत नव्हते. बोटीवरचा एक खलाशी म्हणाला, "तांडेल, मॅडमच्या ताऱ्याला तुम्ही थंडी भरवलीत."

"तू जाळी आवर," बाबा त्याला म्हणाले. मग मॅडमना, "चांगला माल बर्फातच ठेवतात, मॅडम. माका वाटला..."

"बरोबरच वाटलं," मॅडम म्हणाल्या. "मी 'जिवंत आणा' एवढंच सांगितलं. कसे आणा, हे मी सांगायला हवं होतं. तुम्ही सुरमईच्या वर मान दिलात, तांडेल. एवढा मान त्या बिचाऱ्यांना कुणी दिला नसेल." बाबा हसले, पण त्यांचे डोळे भरले होते.

मार्गदर्शकांचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होते. थंडीच्या परिणामाबद्दल एक ओळ घाला आणि प्रबंध देऊन टाका, असं त्यांचं म्हणणं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, ती एक ओळ खरी असेल तर प्रकरणच उरत नाही." त्यांनी ते प्रकरण काढून टाकलं. नव्याने काम करायला वेळ उरला नव्हता. मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही. निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्यांच्या पीएच.डी.चा विषय मोठ्या कौशल्याने टाळला.

निवृत्त झाल्यावर ढोल, कागद आणि खडकातल्या तारामाशांची खरी निघालेली निरीक्षणं त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "हा प्रश्न आता तू घे. नको असेल तर तसं सांग, मला वाईट वाटणार नाही." त्यांना वाटलंच असतं. पण मी घेतला, आणि पुढची सगळी वर्षं तोच माझा प्रश्न राहिला. खोल पाण्यातले तारामासेही मी नीट, पाण्यात हवा खेळवलेल्या टाकीतून आणवले. त्यांची रेघ खडकातल्यांसारखीच उतरली.

माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला मॅडम मुद्दाम आल्या. ती आमची शेवटची भेट ठरली; गेल्या वर्षी त्या वारल्या. परीक्षा संपल्यावर बाहेर चहा होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मॅडमना नमस्कार करून विचारलं, "आपण डॉक्टर...?"

"नाही. मी हिची मॅडम."

परीक्षक पुढे गेले. शेजारी बसलेले बाबा हळूच म्हणाले, "तो बर्फ नसता, तर तुमच्या नावापुढे पण डॉक्टर लागला असता, मॅडम."

"बर्फ कळला नसता, तरी लागला असता," मॅडम म्हणाल्या. "मग आज तुमच्या लेकीने माझं सगळं प्रकरण खोडून काढलं असतं, आणि मला इथे बसून ते ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा हे बरं झालं, तांडेल. आज मला नुसतं ऐकता आलं."

बाबांच्या हातातला चहा अजून गरम होता. तो त्यांनी मॅडमच्या पुढे ठेवला आणि स्वतःसाठी दुसरा आणायला उठले.