रिकामी दिसलेली डिस्क

११ मार्च २०२४, सोमवार, अंबरनाथ. मृत पाच. सरकारी यादीत चार.

पाचवी चिमी जनू भोपी, वय एकेचाळीस, रसायनांची पिंपं धुणारी कंत्राटी कामगार. स्फोटात कारखान्याची मागची भिंत बाहेर कोसळली आणि तिचा देह रस्त्याकडेला सापडला. कारखान्याने लिहून दिलं की बाई रस्त्याने चालली होती. कंत्राटदाराने लिहून दिलं की त्या दिवशी ती कामावर आलीच नव्हती. तिला आत पाहिलेल्या दोघी उरलेल्या चौघांत होत्या. तिचा नवरा जनू याच्याकडे लेखी काहीच नव्हतं. फाटकावरचं अंगठा घेणारं यंत्र आगीत वितळलं होतं, पण त्यातल्या नोंदी दर तासाला कंत्राटदाराच्या ऑफिसातल्या संगणकात उतरत असत. चिमीने सकाळी सातला अंगठा लावला असेल, तर तो आता फक्त तिथे सापडणार होता.

तो संगणक सुरू होत नव्हता. जनूच्या भरपाईच्या दाव्यावर कामगार कार्यालयात सुनावणी झाली, तिथे कंत्राटदाराचा कारकून अल्पेश म्हणाला, "साहेब, मशीन डेड आहे. यांनीच कुणाकडून तरी चालू करून घ्यावं, आमची ना नाही." अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या, पंधरा दिवस दिले आणि एक गोष्ट स्पष्ट केली: नोंदी आधीच बिघडलेल्या निघाल्या तर जबाबदारी कंत्राटदाराची, आणि चिमी कामावर होती असं धरलं जाईल. जनूने बकुळा म्हसकरचं नाव सांगितलं. संगणकाचं काम करणारं दुसरं कुणी त्याच्या ओळखीचं नव्हतं.

बकुळा बदलापूरजवळच्या गावातली. वडिलांची भातजमीन इमारतींखाली गेली. पैसा भावांच्या घरांत आणि एका लग्नात गेला. लग्न तिचंच होतं, आणि ते टिकलं नाही. माहेरी परतल्यावर उल्हासनगरच्या बाजारात एका सिंधी शेठच्या दुकानात तिने फरशी पुसण्यापासून सुरुवात केली. मुंबईतली ऑफिसं जुने संगणक काढून टाकत, ते तिथे शेकड्याने येत. बाजारात त्याला लॉट म्हणतात. लॉटमधल्या संगणकातलं मागचं सगळं पुसायचं, नवी विंडोज चढवायची आणि संध्याकाळपर्यंत तो विकायचा. नऊ वर्षांत काही हजार संगणक तिच्या हाताखालून गेले. एकाच्याही पोटातलं काही राखायचं नव्हतं.

विंडोज चढवताना कधी कधी पडद्यावर येतं की डिस्क सापडत नाही. डिस्क जागेवर असते, पण तिच्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, विंडोजपाशी नसतो. तो शोधून पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. या शोधात अर्धा तास मोडतो, म्हणून बाजारात हे कुणी करत नसे. मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला की ड्रायव्हरवाचून डिस्क दिसू लागे. शेठ त्याला 'सीधा रास्ता' म्हणत. अंबरनाथ पश्चिमेला स्वतःचा गाळा घेतल्यावरही बकुळाने हाच रस्ता धरला होता. तो कधी चुकला नव्हता, कारण चुकला की नाही हे विचारणारं कुणी त्या संगणकांना नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाला तिने कंत्राटदाराचा संगणक टेबलावर घेतला. जनू समोर स्टुलावर बसला.

"दादा, घरी जाऊन या. वेळ लागेल."

"घराव कोन हाय? बसतंय हितंच." थोडा वेळ तो खोक्याकडे बघत राहिला. "बकुळाताय, ही पेटी येवढी बारकी. इच्यान दोनशे मानसांचे आंगठे कशे मावले?"

"मावतात हो."

"आमच्या घरान दोन मानसा मावत नव्हती. रोज भांडान."

ती हसली, तोही हसला. विंडोजचा पेनड्राइव्ह लावताच पडद्यावर आलं की डिस्क सापडत नाही.

तिने पेनड्राइव्हवरचे तीन ड्रायव्हर देऊन पाहिले. एकही जुळला नाही. आत दोन डिस्क होत्या. संगणक जुन्या बाजारातलाच, पूर्वी कुठे तरी व्हिडिओ जोडण्याच्या कामाला असलेला. साडेबारा वाजत आले होते. तिने सेटिंगमधला तो पर्याय बदलला.

दोन्ही डिस्क दिसल्या. एकीवर जुने भाग नोंदलेले होते, दुसरी संपूर्ण रिकामी दाखवत होती. इथे बकुळा थांबली. आयुष्यात प्रथमच तिच्या टेबलावर असा संगणक होता ज्याचं मागचं राखायचं होतं, आणि तिने आपल्या समजुतीप्रमाणे अतोनात जपून काम केलं.

"दादा, भरलेल्या डिस्कला मी हात लावत नाही. चिमीवहिनींचा अंगठा तिच्यात आहे. रिकामीवर विंडोज चढवते, मग तिथून भरलेली उघडू."

"तुना समजतं तसा कर."

वीस मिनिटांत विंडोज चढली. तिने भरलेली डिस्क उघडली, तर संगणकाने विचारलं: ही वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

तिने 'नाही' म्हटलं, पुन्हा उघडली. पुन्हा तोच प्रश्न. मग तिच्या लक्षात आलं आणि हात माऊसवरच राहिला. वेग वाढावा म्हणून त्या दोन डिस्क जोडून एक केलेल्या होत्या. प्रत्येक फाइलचे तुकडे आळीपाळीने दोन्हींवर लिहिलेले. त्यांना एकत्र दाखवणं एवढंच त्या न सापडलेल्या ड्रायव्हरचं काम होतं. त्याच्याविना दुसरी डिस्क रिकामी दिसत होती. रिकामी ती नव्हती.

"निंगला आंगठा?" जनूने विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

दुपारी दोन्ही डिस्क पिशवीत घालून ती उल्हासनगरला शेठकडे गेली. योग्य ड्रायव्हर तिथे चाळीस मिनिटांत सापडला. हे तिला सर्वांत असह्य वाटलं. दोन दिवस शेठनी आणि तिने मिळून तुकडे जोडले. कामगारांच्या नावांची यादी निघाली, तिच्यात चिमीचं नाव आणि नंबर होता. जानेवारी, फेब्रुवारीच्या हजेरीचे काही तुकडे निघाले. मार्चची फाइल नावापुरती दिसली, आत नुसती निरर्थक अक्षरं होती. तिच्या जागेवर आता नवी विंडोज बसली होती.

"आधा तो तू खा गई, बेटा," शेठ म्हणाले. "लॉट का माल समझा क्या?"

"तुम्हीच शिकवलं, शेठ."

शेठनी चष्मा काढून पुसला. "मैंने बेचना सिखाया था."

परत येऊन तिने जनूला सगळं सांगितलं, काही न लपवता. तो हळू आवाजात म्हणाला, "आधीच बिघडल्याला व्हता, असा लिवलास तर? साहेब बोल्ला व्हता ना, मग जबाबदारी त्यांची."

बकुळाने हे आधीच मनात घोळवलं होतं. एक ओळ लिहायची होती. त्या ओळीने तिची चूक झाकली गेली असती आणि चिमी कामावर होती हे मानलंही गेलं असतं, जे खरंच होतं. पण विंडोज चढवल्याची तारीख संगणक स्वतः नोंदवतो. ती कुणीही उघडून पाहिली असती तर जनूचा अख्खा दावाच बनावट ठरला असता. असं तिने त्याला समजावलं. ते कारण पक्कं होतं. पण तेवढंच कारण होतं का, की खोट्या कागदावर सही करायला ती स्वतःसाठी घाबरली, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नाही.

सोमवारी अल्पेश आला. "मॅडम, काय केलं ते लिहून द्या, सही-शिक्का मारून. डिटेलमध्ये."

तिने लिहिलं. दुसरी डिस्क रिकामी समजून तिच्यावर विंडोज माझ्या हातून चढवली गेली. त्यामुळे मार्चच्या नोंदी गेल्या. अल्पेशने कागद दोनदा वाचला आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला.

"इमानदार आहात मॅडम," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते तिला लागलं.

जनू स्टुलावर बसला होता. तो उठला, खाली वाकून चपला शोधल्या आणि बाहेर पडला. बकुळा दारापर्यंत गेली.

तो कागद पुढच्या सुनावणीत कंत्राटदाराने दाखल केला. नोंदी अर्जदारानेच नेमलेल्या व्यक्तीकडून नष्ट झाल्या, असा शेरा पडला आणि दावा फेटाळला गेला. ज्या संगणकावर दोनशे माणसांची हजेरी होती त्याची दुसरी प्रत कंत्राटदाराने का ठेवली नाही, हे त्या सुनावणीत कुणी विचारलं नाही. जनूने अपील केलेलं आहे. तारखा पडतात, आणि प्रत्येक तारखेला बकुळा गाळा बंद ठेवून जाते, जनूपासून चार खुर्च्या सोडून बसते.

चार कुटुंबांना भरपाई मिळाली आहे. चिमी जनू भोपी हिच्या मृत्यूची भरपाई दिली गेलेली नाही. मार्च महिन्यात स्फोटाआधी तिने भरलेल्या सात दिवसांची मजुरीही दिली गेलेली नाही.