इच्छुकांची गल्ली

डीई, म्हणजे डिव्हिजनल इंजिनियर साहेबांनी भदौरियाच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मी समोर बसून माझ्या फायलीची नाडी तिसऱ्यांदा बांधत होते.

"दाल बाज़ार पूरा हो गया?" साहेबांनी विचारलं.

"जी सर. सबके साइन हैं."

"और मैडम, आपकी गली?"

"सर, सब इच्छुक हैं."

"इच्छुक तो मैं भी हूं, पतला होने का," साहेब म्हणाले. सगळे हसले. भदौरिया हसला नाही, आणि त्याचं ते न हसणं मला जास्त लागलं.

मी ग्वाल्हेरात वीज वितरणाच्या ऑफिसात असिस्टंट इंजिनियर आहे. काम होतं रूफटॉप सोलरचं, म्हणजे लोकांच्या गच्चीवर पॅनल बसवायचं. आधी सर्वे करायचा. घरोघरी विचारायचं, कोळसा जाळून वीज करायची की उन्हातून घ्यायची, तुमची तयारी आहे का? 'हो' म्हटलं की नावापुढे 'इच्छुक' लिहायचं. मग दुसऱ्या फेरीत सहमतीपत्रावर सही घ्यायची. गच्ची सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची एनओसी, म्हणजे 'आमची हरकत नाही' असं लेखी पत्र, सोबत जोडायचं.

नव्या सोलर सेक्शनचा इन्चार्ज भदौरिया आणि मी, आमच्या दोघांतूनच निवडायचा होता. सीनियर मी. दुपारी कॉलनीतल्या बायका झोपतात त्या वेळी मी ट्रान्सफॉर्मरखाली उभी राहून ही सीनियॉरिटी मिळवली होती. ती खुर्ची मला हवी होती. अगदी हावऱ्यासारखी हवी होती.

सर्वेत भदौरियाचे हाल झाले होते. दाल बाज़ारच्या व्यापाऱ्यांनी त्याला तोंडावर 'नहीं चाहिए' म्हणून वाटेला लावलं. मला मात्र नई सडकमागच्या आमच्या गल्लीत प्रत्येक घरी चहा-चिवडा. सगळी मराठी वस्ती, कोणी निवृत्त प्रोफेसर, कोणी बँकेतले. पुढच्या पिढ्यांचं काय होणार, यावर नाना घोरपडे माझ्याशी तासभर बोलले. कँटीनमध्ये मी भदौरियाला म्हटलंही होतं, "पढ़े-लिखे लोगों की बात अलग होती है." आता त्याच्या फायलीत सह्या होत्या आणि माझ्या फायलीत विचार. माझा नुसता जळफळाट झाला.

संध्याकाळी नानांकडे गेले. "नाना, सहीचं काय?"

"मी तर एका पायावर तयार आहे, वैशाली. पण गच्ची दोघा भावांची. वर विनायक राहतो. त्याची एनओसी लागणार ना?"

"मग मागा की."

"मी मागू? दोन दिवाळ्या झाल्या, आमचं बोलणं नाही. त्याला लगवायचं असेल तर तो खाली येईल."

वर विनायककाकांकडे गेले. तेही एका पायावर तयार होते. फक्त नानांनी वर यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढच्या चार घरांत हेच. सगळी गल्ली तयार होती, जिना चढायला मात्र कोणी तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मरचा लोड बघायचं निमित्त करून मी दाल बाज़ारात गेले. खरं तर हेरगिरीच. एका डाळीच्या दुकानदाराला विचारलं, "आपने तो मना किया था ना?"

"किया था, मैडम. फिर सामनेवाले ने लगवा लिया. रोज़ मीटर का फोटो दिखाता था. बताइए, आदमी कब तक देखे?"

"और सामनेवाला कैसे माना?"

"भदौरियाजी ने पहले अपने घर लगवाया. एक दिन इतवार को उसे ले गए, छत पर बिठाके चाय पिलाई." मग त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "आपके यहां तो लगा ही होगा?"

"प्रोसेस में है," मी म्हटलं.

प्रोसेस कसली! माझ्या यादीत पहिलं नाव आमचंच होतं, इच्छुक म्हणून. खाली आम्ही, वर माझे दीर आणि जाऊ नंदा. तिची पाण्याची टाकी कुठे ठेवायची यावरून आम्हा जावांचा अबोला होता. गल्लीला मी एनओसी आणा म्हणत होते आणि स्वतःच्या घरची मागितली नव्हती. नानांना हसायचा मला काय अधिकार?

त्या रविवारी मी जिना चढले. सोळा पायऱ्या. नंदाने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"नंदा, सही हवी होती."

"सगळ्या गल्लीला विचारून झालं वहिनी, आता आमचा नंबर आला का?" ती म्हणाली. "मी रोज वरून बघत होते. नानांकडे गेलात, विनायककाकांकडे गेलात. म्हटलं, आज येतील, उद्या येतील."

"चुकलंच माझं," मी म्हणाले.

तिने पेन घेतलं. "देते. पण आमच्या मीटरवरही पॅनल लावायचे, वेगळे. तुमच्या बरोबरीने. एकही कमी नको."

महिन्याभरात दोन्ही घरांचे पॅनल लागले. नेट मीटरही आले. हा मीटर घेतलेली वीज मोजतो तशी आपण परत दिलेलीही मोजतो. नाना गल्लीत उभे राहून दोन दिवस वर बघत राहिले. तिसऱ्या दिवशी काठी टेकत जिना चढून भावाकडे गेले. "वैशालीचं लागलं आणि आपण काय नुसतं बघत बसायचं?" एवढंच म्हणाले म्हणे. पुढच्या आठवड्यात मला घरोघरी जावं लागलं नाही. लोक फॉर्म घेऊन माझ्या दारात उभे होते. पुढच्या पिढ्यांचा विषय एकानेही काढला नाही.

पूर्ण फाईल घेऊन मी ऑफिसात पोचले, तर नोटिस बोर्डवर ऑर्डर लागली होती. इन्चार्ज भदौरिया.

त्याने पहिल्याच प्रेझेंटेशनमध्ये माझ्या गच्चीचा फोटो दाखवला. "ये हमारी मैडम का घर है. पूरी गली इसी छत को देखके मानी." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. फोटोच्या कोपऱ्यात नंदाची टाकी दिसत होती.

तेव्हापासून मी सर्वेच्या फॉर्मवर 'इच्छुक' लिहीत नाही. एवढंच विचारते, समोरच्या गच्चीवर काय दिसतं? आणि त्याआधी माझ्या गच्चीचा फोटो दाखवते.

भदौरियाने परवा परिपत्रक काढलं, पॅनल दर आठवड्याला पुसावेत. बाकी शहराचं माहीत नाही, आमच्या गल्लीत ते रोज पुसले जातात. गेल्या महिन्यात नंदाच्या मीटरवर परत दिलेल्या विजेचा आकडा माझ्यापेक्षा जास्त दिसला, तेव्हापासून मीही सकाळी सहाला ओलं फडकं घेऊन गच्चीवर असते. फक्त माझेच पुसते.