आमच्या पुलाचे प्लॅनिंगवाले भाऊ

ज्याचं कधी कुणी ऐकलं नाही आणि ज्याचं म्हणणं जवळजवळ कधीच खोटं ठरलं नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या पुलाच्या साइटवरचे प्लॅनिंगवाले भाऊ. एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका नदीवर पुलाचं काम चाललं होतं. मी तिथे स्टोअर सांभाळत होते आणि त्याच पत्र्याच्या शेडमध्ये, सिमेंटच्या पोत्यांपलीकडे, भाऊंचं टेबल होतं. गाव कोरपन्याजवळचं, वय पन्नाशीच्या आतलं, आणि चेहरा कायम असा की नुकतेच कुणाला तरी पोचवून आले असावेत. हसताना मी त्यांना दोनदाच पाहिलं. त्यातल्या एकदा त्यांची दाढ दुखत होती, असं मागाहून कळलं.

दिवसभर ते संगणकावर आडव्या पट्ट्या ओढत बसत. पुलाचं एकेक काम म्हणजे एकेक पट्टी, आणि कुठलं काम संपल्याशिवाय कुठलं सुरू होणार नाही हे दाखवणाऱ्या रेघा त्यांच्यामधून. सगळं जोडून झालं की ते सॉफ्टवेअर आपणहून काही पट्ट्या निळ्या करी, काही लाल. निळी म्हणजे त्या कामाला सवड आहे, ते चार दिवस मागे पडलं तरी पूल मागे पडत नाही. लाल म्हणजे सवड शून्य. ते एक दिवस चुकलं की पूल एक दिवस चुकला. साहेबांशी बोलताना भाऊ 'फ्लोट' आणि 'क्रिटिकल' म्हणत, आमच्याशी नुसतं सवड आणि लाल. "बाई, मोठं काम तेच लाल, असं नाई," ते मला समजावत. "ज्याच्यापायी बाकीचे सारे अडून रायतेत, ते लाल. मंग ते बोटाएवढं का असंना."

हे सगळं त्यांनी संगणकातच ठेवलं असतं तर आचाऱ्याशी त्यांचं रोज भांडण झालं नसतं. पण ते सकाळी सकाळी मेसमध्ये शिरून सांगत, "आंधी डाळ टाक. भाताले सवड हाय." आमच्या ड्रायव्हरचं लग्न ठरलं तेव्हा तर त्यांनी त्याच्याकडून तयारीची यादी घेतली, दोन तास बसून ती संगणकात भरली आणि कागद छापून त्याच्या हातात दिला. "मांडव, बँड, जेवन, सारं निळं हाय. लाल एकच. नवरीचा सिरोंच्याचा मामा. त्याले दोन दिवस आंधी आनून ठेव." ड्रायव्हर पोट धरधरून हसला. लग्नाच्या दिवशी मामाची बस जंगलात बंद पडली. मामाशिवाय मुलगी मांडवात आणायची नाही म्हणून नवरीची आई हटून बसली. बँडवाल्यांनी होती नव्हती ती सगळी गाणी तीनदा वाजवली, मुहूर्त टळला, रस्सा गार झाला. भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीवर इतक्या दुःखी चेहऱ्यानं बसले होते की एका बाईंनी मला हळूच विचारलं, "हे मुलीचे वडील का?"

पुलाचंही तसंच झालं. फक्त त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

नदीपलीकडच्या गावाला दर पावसाळ्याआधी चार महिन्यांचा रेशनचा तांदूळ मिळे. तो अलीकडच्या काठावर उतरे आणि गावकरी डोंग्यातून, चार-चार पोती करत, पलीकडे नेत. त्या उन्हाळ्यात तांदूळ आला तेव्हा गावचे म्हातारे पाटील भाऊंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "भाऊ, पान्याच्या आंधी पूल होईन का?" भाऊंनी उगाच मान हलवली नाही. पडद्यावरची एकेक पट्टी पाहिली आणि मग म्हणाले, "होईन, बाबा." त्या दिवशी ते खरं होतं. गावानं तांदूळ माझ्या शेडमध्येच ठेवला. पूल झाला की ट्रॅक्टरनं एका खेपेत नेऊ, असं ठरलं.

अडलं होतं ते एवढंच, की पलीकडच्या काठावर पुलाला रस्ता जोडायला मातीचा भराव टाकायचा होता आणि त्यासाठी थोडी झाडं काढायला परवानगी हवी होती. त्या अर्जाच्या नकाशावर आमच्याच कंपनीच्या मुख्य ऑफिसातली एक सही राहिली होती. आधी त्या कामाला महिनाभराची सवड होती. नकाशा तिकडे टेबलावर पडून राहिला आणि सवड आठवड्या-आठवड्यानं सरत गेली. भाऊ रोज फोन करत. एके सकाळी ती पट्टी लाल झाली. भाऊ कागद घेऊन मॅनेजर साहेबांकडे गेले.

साहेब तेव्हा गर्डर चढवण्याच्या गडबडीत होते. दोन मोठ्या क्रेन आल्या होत्या, सगळ्यांचे मोबाइल तिकडे वळलेले. "अहो, एक सही आहे ती. होऊन जाईल," साहेब म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ती परवानगी आणि भरावामधली रेघ काढून टाका. लाल दिसलं की वरचे लोक उगाच घाबरतात."

"रेघ पुसतो, साहेब," भाऊ म्हणाले. "माती कशी टाकू?"

साहेबांनी ती रेघ दुसऱ्या माणसाकरवी पुसून टाकली. संध्याकाळपर्यंत सगळा तक्ता निळा झाला. गर्डर चढले, पेढे वाटले गेले. सही मात्र अजून आली नव्हती. भाऊंनी पेढा हातात घेतला आणि मला म्हणाले, "बाई, शेडची किल्ली घ्या अन् चला माझ्यासंगं. पाटलाले सांगा लागते."

आम्ही डोंग्यातून पलीकडे गेलो. मोहाच्या झाडाखाली गाव जमलं. भाऊंनी चप्पल काढली, का ते मला अजून कळलेलं नाही, आणि उभ्या उभ्या म्हणाले, "पूल होत नाई, बाबा. म्या सांगतलं थे चुकलं."

पाटलांनी नदीत उभ्या असलेल्या पुलाकडे पाहिलं. "काऊन?"

"एक कागद राह्यला."

"एवढा मोठा पूल," पाटील सावकाश म्हणाले, "अन् कागद?"

भाऊंनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि पाटलांच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून पोती वाहणं सुरू झालं. डोंगा एकच. भाऊ स्वतः पाठीवर पोतं घेत. दोनच खेपांत त्यांची कंबर धरली, तरी काठावरून हलले नाहीत. चौथ्या दिवशी वरच्या जंगलात पाऊस झाला आणि दुपारपर्यंत नदी चढली. बावीस पोती माझ्या शेडमध्येच राहिली. सही त्याच आठवड्यात आली, पुढे परवानगीही आली, पण आता मातीला पाऊस थांबायची वाट पाहायची होती. पुलाचं पलीकडचं टोक दोन पुरुष उंचीवर तसंच हवेत लोंबत राहिलं.

साहेबांच्या अहवालात कारण म्हणून 'नियोजनातील त्रुटी' एवढंच आलं. भाऊंना कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि सकाळच्या बसनं गेले.

पूल पुढच्या उन्हाळ्यात सुरू झाला. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी भाऊ मला चंद्रपूरच्या बस स्टँडवर भेटले. वाळले होते. आता घरच्या कापसाकडे पाहतात, म्हणाले. मी सांगितलं, पूल उघडला त्या दिवशी पाटील आले होते आणि सगळ्यांना विचारत होते, "थो भाऊ कुठी गेला? येऊन सांगनारा थो एकलाच होता."

भाऊ बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मले वाटे, शिव्या देत असन." आणि थोडं थांबून, "तांदूळ पुरला का, बाई?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण या माणसापुढे ते जमलं नाही. "नाई पुरला, भाऊ. भादव्यात जंगलातून कंद आनून खाल्ले त्याईनं."

"हं," ते म्हणाले.

कोरपन्याची बस लागली. त्यांनी खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढून माझ्या हातात दिली, "जपून जा, बाई," म्हणाले आणि चढले. खिडकीशी बसले, पण बस सुटेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पुडी तशीच धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, मी 'पुरला' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?