मेणातला तुकडा

"ये नाखूना नहीं लग रहा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मी खुर्चीत ताठ बसले. डाव्या बुबुळाच्या कडेला वाढलेलं ते गुलाबी मांस म्हणजे दिल्लीच्या धुळीने होणारा साधा नाखूना आहे, असं मी वर्षभर स्वतःला समजावत होते. आता त्या म्हणत होत्या, हा कॅन्सर असू शकतो आणि खोलवर गेला असेल तर डोळा वाचेलच असं नाही.

पुढच्या मंगळवारी ते मांस काढलं. आठवड्याने रिपोर्ट आला: डिस्प्लेशिया. म्हणजे पेशींची वाढ बिघडलेली. पण किती, हे नुसत्या स्लाइडवरून ठरेना. म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री सांगितली. पेशींतली ठराविक प्रथिनं रंगवून दाखवणारी ही तपासणी. केआय-सिक्स्टीसेव्हन हे प्रथिन विभागणाऱ्या पेशींत दिसतं. पी-फिफ्टीथ्री बिघडलेल्या पेशींना आवर घालतं; तेच बिघडलं की बहुधा पेशीत साचतं आणि गडद रंगतं.

"अकेले मार्कर से फ़ैसला नहीं होगा, स्लाइड के साथ पढ़ेंगे," बाई म्हणाल्या. "पहली लैब से ब्लॉक लेकर बड़ी लैब में दे दीजिए."

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला माझ्याच डोळ्याचा तुकडा. तो स्वतः न्यायचा असतो, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. अठ्ठावीस वर्षं केंद्र सरकारात काढलेली बाई मी. लॅब-लॅब आपसात बघून घेतील, आपण कागद चोख ठेवायचे, असं धरून चालले. रिपोर्टच्या तीन प्रती काढल्या, पानोपानी सह्या केल्या, वर अर्ज जोडला, बड्या लॅबच्या खिडकीत दिला आणि चार दिवस निवांत वाट बघितली.

पाचव्या दिवशी खिडकीतल्या टेक्निशियनबाईंनी फोन केला. "मैडम, काग़ज़ को थोड़े ही रंगना है! ब्लॉक कहाँ है?"

मला रडू आलं. भीती होतीच, पण स्वतःच्या शहाणपणाचा राग जास्त होता. माझी मुलगी सई दिल्लीतच वाढलेली. "आई, तू पण ना यार! तिथेही ऑफिस केलंस. चलो, मी येते."

मयूर विहारच्या पहिल्या लॅबमधून ब्लॉक मिळाला. "गाड़ी में मत छोड़ना, पिघल जाएगा," तिथल्या माणसाने बजावलं. बाहेर जूनचं ऊन. सईने तो माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवला आणि मेट्रोत मी डबा दोन्ही हातांनी धरून बसले.

ब्लॉक बड्या लॅबमध्ये दिला. रिपोर्ट यायला दहा दिवस लागणार होते. एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचायची.

"ऊपर की परत में ही है, नीचे नहीं उतरा," रिपोर्ट आणि स्लाइड एकत्र बघून डॉक्टरबाई म्हणाल्या. बिघाड वरच्या थरातच होता; डोळा राहणार होता. काही महिने थेंब घालायचे, मग दर तीन महिन्यांनी तपासणी. अजून जाते. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी विचारा, ब्लॉक कुठे आहे? आणि तो जपून ठेवा.

माझा ब्लॉक परत आणायला गेले, तेव्हा त्याच टेक्निशियनबाई होत्या. मी आभार मानले. त्या खिडकीतून पुढे वाकल्या. "इतने साल से टुकड़े ही देख रही हूँ. ज़रा आँख दिखाइए." मी चष्मा काढला. मागे रांग खोळंबली होती, पण त्यांनी सावकाश पाहून घेतलं. मीही त्यांना पाहत होते, दोन्ही डोळ्यांनी.