मध्येच हाक मारू नकोस

माझ्या प्रोजेक्ट पार्टनरइतका गंभीर माणूस आख्ख्या नवी मुंबईत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो बहुधा आजारी असेल. इंजिनिअरिंगला आम्ही बाकीची पोरं विषय शिकायचो ते परीक्षेपुरते. पेपर संपला की विषय डोक्यातून उतरायचा आणि आम्ही वडापाव खायला मोकळे. हा मात्र विषयाची दीक्षा घ्यायचा. कॉम्प्युटरच्या एकेका शाखेत तो असा शिरायचा, की तिथले नियम मशीनसाठी आहेत, माणसांसाठी नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नसावं. आमचे रोल नंबर शेजारी म्हणून सरांनी आमची जोडी लावून दिली. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणत मी गप्प बसले.

पहिली दीक्षा ऑपरेटिंग सिस्टिमची. काम चालू असताना मध्येच कुणी हाक मारली, तर मशीनला हातातलं बाजूला ठेवून, कुठवर आलो होतो ते लक्षात ठेवून, मग ओ द्यावी लागते आणि त्यात फार वेळ वाया जातो, असं त्याने पुस्तकात वाचलं. त्या दिवसापासून त्याचा फोन बंद. संध्याकाळी एकदा उघडून बघायचा, बस. कँटीनमध्ये मागून कुणी हाक मारली तर मान न वळवता पंजा वर करायचा, म्हणजे थांबा. एकदा टेबलावर सांडलेला चहा ओघळत ओघळत त्याच्या उघड्या बॅगेत चालला होता. ते सांगायला मी तोंड उघडलं तर साहेबांचा पंजा वर. "मध्येच हाक मारू नकोस," तो अगदी शांतपणे म्हणाला. मी नाही मारली. त्याचा लॅपटॉप पुढे महिनाभर वेलचीचा वास देत होता.

या व्रताचा खरा जाच झाला त्याच्या आईला. ते राहायला कळंबोलीत, स्टील मार्केटच्या बाजूला. वडील ट्रेलर चालवतात, त्यामुळे घरात कमी आणि हायवेवर जास्त. आईचं माहेर उरणकडचं. बोलायला खणखणीत, पण फोनवर टाइप करायचा मनस्वी कंटाळा. मुलगा फोन उचलेना, तेव्हा काकूंनी कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि मलाच व्हॉइस मेसेज पाठवायला सुरुवात केली. "बाय, तो जेवला का गो? फोन नाय उचलीत." "बाय, त्याला सांग, छत्री घरीच हाय." एकदा तर मी वर्गात असताना चुकून लागला आणि "बाय, त्याला सांग, बनियन उलटी घातलीन" हे सगळ्या बाकांनी ऐकलं. मी निरोप पोचवायचे. तो पंजा वर करायचा.

त्याच विषयात पुढे असं निघालं, की प्रोग्रामला लागत नसलेली मेमरी मोकळी केली पाहिजे, नाहीतर गळती लागते आणि मशीन हळूहळू गुदमरतं. झालं. दर रविवारी तो फोनमधले फोटो, गाणी, निरोप, सगळं पुसून लख्ख करायचा. तेवढ्यावर भागेना, तेव्हा काकूंनी जमवलेले आइस्क्रीमचे रिकामे डबे त्याने भंगारवाल्याला देऊन टाकले. काकू चपला न घालता खाली धावल्या, सगळे डबे परत आणले आणि भंगारवाल्याकडचे दोन चांगले दिसले तेही घेऊन आल्या. माझा फोन म्हणजे उकिरडा. मी कधी काही पुसत नाही, शुद्ध आळसापोटी, आणि यावरून त्याने माझ्याकडे अनेकदा तुच्छतेने पाहिलं आहे.

डेटाबेस शिकताना त्याला कळलं, की एक गोष्ट एकाच ठिकाणी ठेवावी. दोन ठिकाणी ठेवली की एक दिवस दोघी वेगवेगळं बोलतात, मग खरी कुठली? त्याने स्वयंपाकघरात ओट्यावरचं मीठ ठेवलं आणि टेबलावरचं काढून टाकलं. मग नेटवर्कचा विषय आला. त्यात निरोप पाठवला की पोचपावती येईपर्यंत थांबायचं आणि नाही आली तर तोच निरोप पुन्हा पाठवायचा. रिक्षावाल्याला "सीबीडी बेलापूर" सांगून तो न बसता उभाच राहायचा. रिक्षावाला "हां, बेलापूर" म्हणाला तरच आत पाय. काही जण न बोलता मीटर टाकायचे. त्यांना हा पुन्हा "सीबीडी बेलापूर" सांगायचा. एकाने शेवटी मला विचारलं, याला कमी ऐकू येतं का.

काही प्रश्न कुठल्याही मशीनला कधीच सुटणार नाहीत हे सिद्ध झालंय, असं थिअरीच्या तासाला समजल्यावर तो काही आठवडे सुतक असल्यासारखा वावरला. खरं तर त्याचं वाकडं होतं ते फक्त एकाच विषयाशी, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगशी. त्यात गणित नाही, सिद्धता नाही. आधी वापरणाऱ्याला विचारा त्याला काय हवं, मग बनवा, मग पुन्हा विचारा. "हा काय विषय आहे?" तो म्हणाला. "ही सोसायटीची मीटिंग आहे." चार वर्षांत तो वर्गात झोपला तो या एकाच तासाला.

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला काकूंना अर्धांगाचा झटका आला. सकाळची वेळ होती, वडील ट्रेलर घेऊन पुण्याकडे गेलेले, आणि हा नेमका घरात होता म्हणून त्या वाचल्या. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, ऐकू यायचं सगळं, पण तोंडातून शब्द म्हणून काही निघेना. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं, की त्यांनी बोलायचा प्रयत्न सोडला तर उरलंसुरलंही जाईल. सुरुवातीला काकू प्रयत्न करायच्या. मग स्वतःचा तो आवाज त्यांनाच सहन होईना. बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचं त्यांनी बंद केलं, कारण समोरच्या बायका बोलायला यायच्या. त्या भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्या.

त्या महिन्यांत मला तो माणूस कळला. कॉम्प्युटरच्या सगळ्या शाखा त्याने पुन्हा एकदा काढल्या आणि एकेकीला एकच प्रश्न विचारला, माझ्या आईला बोलतं करशील का? मशीन लर्निंग म्हणालं, करीन, आधी तिचं पुष्कळ बोलणं आणून दे. त्याने फोन उघडला. फोन लख्ख होता. गेल्या तीन वर्षांतला आईचा एक शब्द त्याच्याजवळ नव्हता. हे त्याने मला कॉलेजच्या जिन्यात बसून सांगितलं. मला रडू आलं, ते मी सर्दीवर ढकललं.

मग आम्ही आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बदलला. टॅब्लेटवर मोठाली चित्रं काढायची, काकूंनी डाव्या हाताने चित्र दाबलं की टॅब्लेट बोलेल. कुठली चित्रं हवीत यासाठी त्याने डॉक्टरांना विचारलं, व्यायाम घेणाऱ्या ताईंना विचारलं, वडिलांना विचारलं, उरणच्या मावशीला विचारलं, मलाही विचारलं. पाणी, औषध, दुखतंय, झोप, बाथरूम. आवाज तयार मिळतो तो घेतला. "मला पाणी हवे आहे," असं ती मशीनमधली बाई फलाटावर घोषणा करावी तशी म्हणायची. काकूंनी एकदा दाबून ऐकलं, त्याच्याकडे पाहिलं आणि टॅब्लेट दह्याच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवून दिला.

त्याने चित्रं मोठी केली. टॅब्लेट दह्यावर. त्याने रंग बदलले, बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ कमी केला. टॅब्लेट पुन्हा दह्यावर. तो माझ्याशी भांडायला लागला. म्हणाला, तिला शिकायचंच नाहीये. काकू भिंतीकडे बघत होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

एका रविवारी दुपारी मी रिपोर्ट लिहायला त्यांच्याकडे गेले होते. त्याने पूर्वी कधीतरी मला पाठवलेली एक आकृती हवी होती. त्याच्याकडची अर्थातच पुसलेली. मी माझ्या उकिरड्यात शोधत होते, बोट घसरलं आणि भलताच मेसेज लागला.

"बाय, तो जेवला का गो? फोन नाय उचलीत."

हा आवाज माझ्याच फोनमध्ये पडून आहे, हे इतके महिने माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटलं, आता मी कुठे तोंड लपवू. काकूंनी भिंतीकडची मान वळवली. डावा हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि त्याच जागी बोट दाबलं. पुन्हा तोच आवाज, खणखणीत, त्यांचाच. मग अजून एकदा. चौथ्या खेपेला त्यांनी फोन उचलून त्याच्याकडे धरला आणि त्याच्या डोळ्यांत बघत दाबला.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड ओलं होतं. "आपण सगळ्यांना विचारलं," तो मला म्हणाला. "हिला नाही विचारलं."

पाण्याचा तांब्या डाव्या हाताशीच असायचा, औषधाची वेळ सगळ्या घराला पाठ. ते मागायला काकूंना तोंड नको होतं. त्यांना हवं होतं मुलाला जेवलास का विचारायला, त्याच्यावर डाफरायला, छत्री घे म्हणायला. माझ्या फोनमधून आम्ही त्यांचे सगळे निरोप काढले. आता त्याने आधी काकूंना विचारलं. प्रत्येक निरोप ऐकवायचा, त्या मान हलवतील तो ठेवायचा. पंचाईत एकच होती. निरोप सगळे मला पाठवलेले, त्यामुळे प्रत्येकाच्या सुरुवातीला "बाय" आणि मुलगा सगळीकडे "तो". मी म्हटलं, "बाय" कापून टाकू, सोपं आहे. त्याने तसं करून काकूंना दोन्ही ऐकवलं. काकूंनी "बाय" असलेलं निवडलं आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, हा प्रोजेक्ट नेमका कुठल्या शाखेत बसतो. ज्याने प्रत्येक शाखेची दीक्षा घेतली तो माझा पार्टनर पुष्कळ विचार करून म्हणाला, "सर, ज्या तासाला मी झोपायचो, त्या."

आता तो महापेला नोकरी करतो. फोन चालू असतो, मीटिंगमध्येसुद्धा, आणि त्यावरून बोलणी खातो म्हणे. मीही नोकरीला लागले. माझ्या फोनवर काकूंचा निरोप आता येत नाही, याची अजून सवय झालेली नाही. त्या टॅब्लेटवर आहेत तेवढीच वाक्यं आहेत, त्यात नवीन भर पडणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.

मधूनमधून मी कळंबोलीला जाते. काकू पुन्हा बाल्कनीत बसतात. संध्याकाळी तो दारात बूट काढायला लागला, की त्या मांडीवरच्या टॅब्लेटवर बोट ठेवतात. "बाय, तो जेवला का गो?" आवाजाच्या जरा मागून काकूंचे ओठही हलतात, आणि शेवटचा "गो" हल्ली कधीकधी त्यांचा स्वतःचा निघतो, जड आणि वाकडा, पण त्यांचा. तो हातातला बूट खाली ठेवतो.

"जेवला, आई. तो जेवला," तो म्हणतो. आणि तिची मान हलेपर्यंत तिथेच उभा राहतो.