सासऱ्यांचा विलायती इन्स्पेक्टर

नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मैत्रिणींनी मला योगासनं, गच्चीवरची बाग आणि आत्मशोध असे तीन पर्याय सुचवले. मी चौथा शोधला. कुणा परोपकारी माणसाने इंटरनेटवर टाकलेली जुनी ब्रिटिश पोलिस मालिका. पन्नासेक वर्षांपूर्वीची. चित्र इतकं मळकट की पहिल्या दिवशी मी टीव्हीचा पडदा ओल्या फडक्याने पुसला. मग लक्षात आलं, मळ लंडनचा आहे.

तिच्यातला इन्स्पेक्टर सुटलेल्या पोटाचा. कोट असा की त्यात बटाटे भरून आणले असावेत. चोराच्या मागे धावला की दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी गुडघ्यावर हात टेकून धापा टाकायचा आणि चोर निघून जायचा. आमच्या मुलीला हे बघवेना. ती बघते त्या मालिकांमधले पोलिस व्यायामशाळेतून थेट खुनाच्या जागी येतात, काचेच्या भिंतीवर रंगीत रेघा ओढतात आणि एका केसावरून खुन्याचा पत्ता सांगतात. "आई, हे कसलं खाकी रंगाचं बघतेस?" तिने विचारलं. मी म्हटलं, "जिथे माणसांना दम लागतो असं काहीतरी."

अशात सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते दिरांकडून आमच्या लालबागच्या घरी राहायला आले. पूर्वी इथे चाळ होती. आता टॉवर आहे, त्याला इंग्रजी नाव आहे आणि लिफ्टमध्ये संगीत आहे. सासरे पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं गोदी, शिवडी, रे रोड या पट्ट्यात गेली. त्याबद्दल त्यांनी घरात आजवर दिलेली एकूण माहिती म्हणजे, "ड्युटी होती. केली."

दुपारी टीव्ही कुणाचा, हा प्रश्न आलाच. त्यांना बातम्या हव्या होत्या, म्हणजे आठ माणसं एकाच वेळी ओरडतात तो कार्यक्रम. मी ठामपणे माझी मालिका लावली. वॉकर शेजारी ठेवून ते तोंड वाकडं करून बसले.

"ह्यो पोलिस? ह्याका शर्टाक इस्त्री करूक येणा नाय?" घरात ते मालवणीतच बोलतात.

"बाबा, तो तीन दिवस घरी गेलेला नाही."

"मगे बरोबर," ते म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर बोटींचा धक्का आला. गंजलेल्या क्रेन, पत्र्याची गोदामं, ओहोटीचा चिखल. सासरे पुढे वाकले. "ही तर आपली शिवडीच गो! नुसती माणसां गोरी आणून ठेवलीहत."

झालं. दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या आत ते चहासकट हजर. इंग्रजी त्यांना बेताचंच, आणि त्या लोकांचे उच्चार तर मलाही अर्धेच कळायचे. पण कोण खोटं बोलतोय हे ते माझ्या आधी सांगायचे. साहेबाने इन्स्पेक्टरला झापलं की यांची मान खाली. एका भागात इन्स्पेक्टरने कोठडीतल्या पोराला भिंतीवर आपटलं आणि पोराने भराभर कबुली दिली. मला वाटलं, चला, सुटली केस. सासरे म्हणाले, "आता ह्यो काय वाट्टेल ता कबूल करतलो." भाग संपेपर्यंत खरा गुन्हेगार सापडला नाही तो नाहीच. मुलीला हा वेळेचा अपव्यय वाटला. सासऱ्यांना ही मालिका खरी असल्याचा पुरावा वाटला.

एप्रिलात आमच्या सोसायटीतही गुन्हा घडला. चेअरमनांचा एसी गार हवा देईना. मेकॅनिकने सांगितलं, बाहेरची तांब्याची पाइप कुणीतरी कापून नेली आहे. ते वरच्या मजल्यावर राहतात, पण युनिट पार्किंगच्या पत्र्यावर आहे. वर लावलं तर इमारतीच्या दर्शनी भागाची शोभा जाते म्हणून. संध्याकाळी मी सासऱ्यांना फिरवायला खाली नेलं, तर सोसायटीच्या ऑफिसात न्यायदान सुरू होतं. वॉचमन भिंतीला टेकून उभा. बिहारचा, पन्नाशीचा माणूस. समोर चेअरमन आणि कमिटीचे दोघं, तिघांचेही हात शिवशिवत असलेले.

सासऱ्यांना बघून चेअरमनांचा चेहरा उजळला. "काका, बरे आलात. तुम्ही तर पोलिसात होता. दोन ठेवून द्या, लगेच बोलेल."

सासऱ्यांनी वॉकर दारात लावला, खुर्ची ओढली आणि बसले. मग शुद्ध मराठीत विचारलं, "पाइप तुम्ही शेवटची कधी पाहिली होती?"

"पाइप कोण बघत बसतं?"

"मग एसी शेवटचा कधी लावला होता?"

चेअरमन आठवू लागले. "दिवाळीच्या आसपास. नंतर थंडीच होती."

"आणि हा कामावर कधी लागला?"

मीच म्हटलं, "होळीनंतर. आधीचा वॉचमन पोस्त म्हणून सणाचे पैसे मागून काम सोडून गेला, मग हा आला."

"म्हणजे हा यायच्या आधीच्या चार-पाच महिन्यांतही पाइप कधीही गेली असेल," सासरे म्हणाले.

"पण तरी विचारायला काय हरकत आहे?" कमिटीतला एक जण बाह्या वर सारत पुढे झाला.

"विचारा ना. मारा पण." सासऱ्यांचा आवाज चढला नाही. "मी इथेच बसलोय. उद्या हा चौकीवर गेला तर साक्षीदार लागेल. मी सही करीन."

बाह्या खाली आल्या. एकाला घरी दूध तापत असल्याचं आठवलं. चेअरमनांनी कायद्यावर आपला विश्वास असल्याचं जाहीर केलं. वॉचमनने सासऱ्यांचा वॉकर उचलून त्यांच्या हातात दिला.

लिफ्टमध्ये मला राहवेना. "बाबा, नोकरीत असतानाही असंच विचारायचात का हो?"

त्यांनी आकड्यांकडे बघत म्हटलं, "माझो गुडघो दुखता. वर गेल्यार चाय टाक."

चोर सापडला नाही. चेअरमनांनी नवी पाइप आणि नवे कॅमेरे बसवले. त्यातला एक अत्यंत स्पष्टपणे चिंचेचं झाड दाखवतो. पुढच्याच महिन्यात एजन्सीने वॉचमन बदलला. कारण विचारलं तर "रूटीन" म्हणाले. सासऱ्यांनी जुन्या ओळखीतल्या कुणाला तरी एकच फोन केला आणि वॉचमनला रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत काम लागलं. फोनवर ते काय बोलले हे अर्थातच आम्हाला कळलं नाही.

मे संपता संपता तो भेटायला आला, हातात कलिंगड घेऊन. सासऱ्यांनी ते मांडीवर घेतलं, कान लावून चारी बाजूंनी वाजवलं आणि त्याच्यासमोरच निकाल दिला, "कच्चा आसा." मी कापलं. आत लालभडक निघालं. वॉचमन तोंडावर हात ठेवून हसायला लागला, आणि सासऱ्यांनी सगळ्यात मोठी फोड उचलली.