आबांची आरोळी

आमच्या घरात डुकराचं नाव निघायचं ते शिवीत, नाहीतर पिकाच्या नासाडीत. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, अर्धं आयुष्य भाताची राखण करण्यात गेलं. रानडुकरं उतरली की शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून ते 'हुर्योऽऽ हाऽऽ' अशी आरोळी ठोकत. ती पलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू जायची. अशा माणसाच्या सुनेने पोलादपूरच्या आमच्या जमिनीत दोन पांढऱ्या माद्या आणून पाळल्या, तर तो काय पेढे वाटणार? आबा म्हणाले, "ह्या घरात आता पाण्याचा थेंब नाय घेणार मी." आणि अंगणापलीकडे धाकट्या दिरांकडे जेवायला गेले.

मी म्हटलं, जाऊ देत, येतील चार दिवसांनी. नवरा महाडला कंपनीत, सकाळी जाणार आणि दिवेलागणीला येणार. भांडण मिटवायला त्याला वेळ नव्हता आणि मला इच्छा नव्हती. चार दिवसांचं वर्ष झालं, आबा आले नाहीत. तव्यावरची पहिली भाकरी त्यांची, असा आमच्याकडे शिरस्ता होता. त्यांचा पाट मी पुसून पुन्हा भिंतीला टेकवून ठेवायची. मला ते फार लागलं होतं. पण नाकावर राग असलेली बाई मी, दाखवणार थोडीच?

एकीला पहिल्या विणीत नऊ पिल्लं झाली. एक आईखाली चिरडून गेलं, आठ राहिली. त्यांना लोहाचं इंजेक्शन दिलं, थंडीत पेंढा घातला, दोन महिन्यांनी आईपासून तोडली. हायवेवरच्या हॉटेलांतलं उरलंसुरलं आणायचं, पुन्हा उकळायचं, कोंडा कालवायचा आणि सकाळी सातला घालायचं. "या गो बायांनो, या," म्हणून मी घसा कोरडा करायची. पिल्लं ढिम्म.

नेमके सातलाच आबा मशेरी लावत बांधावर यायचे, पिल्लांकडे बघायचे आणि संतापाने आरोळी ठोकायचे. पहिल्या दिवशी पिल्लं कोपऱ्यात जाऊन थरथरली. पण आरोळी झाली की खाणं येतं, हे त्यांना आठवड्याभरात कळलं. मग 'हुर्योऽऽ' कानावर पडायचा अवकाश, आठही एकमेकांना तुडवत पुढे धावायची. जन्मभर ज्या आवाजाने आबांनी डुकरं पळवली, त्याच आवाजाला ही डुकरं जेवायला येऊ लागली. मी पदर तोंडात कोंबून हसले. आबांनाही ते दिसत होतं. तरी ते रोज सातला यायचे.

दोन पिल्लं ठेवून सहा विकली. गिऱ्हाईक वर डोंगरातल्या कुडपण गावचं, मुंबईची नोकरी सोडून गावी शेती करायला आलेला एक गृहस्थ. मी सोबत आठवड्याचं खाणं दिलं, आईच्या वासाचं गोणपाट दिलं, इंजेक्शनचा कागद दिला. टेम्पो वळणाआड गेल्यावर थोडी रडलेही. आरोळीचं सांगायचं मात्र मला सुचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "ताई, मेजर प्रॉब्लेम झाला." पिल्लं कुंपणाखालून निसटून शेजारच्या नाचणीत शिरली होती. तिथल्या माणसांनी रानडुकरं हाकायच्या सवयीने 'हुर्योऽऽ' केलं, तर पिल्लं पळायच्या ऐवजी थेट त्यांच्या अंगावर धावली. लोकांना वाटलं, पिसाळली. काठ्या उगारल्या, तशी पांगली. पाच सापडली, एक दरीकडच्या झाडीत गेलं ते गेलंच. "सगळी परत घेऊन जा. गाववाले ऐकत नाय."

मी दिरांच्या ओटीवर गेले. वर्षभरात पहिल्यांदाच. "आबा, एक पिल्लू हरवलंय. परक्या आवाजाला भ्यालंय, तुमच्याच आवाजाला येईल." आबांनी टोपी घातली.

कुडपणला झाडीच्या कडेला उभं राहून त्यांनी आरोळी ठोकली. पहिल्या खेपेला काही हललं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांना खोकला आला. तिसऱ्या खेपेला करवंदीच्या जाळीतून पिल्लू निघालं, मागचा पाय ओढत, आणि त्यांच्या पायाशी येऊन फुरफुरत खाणं शोधू लागलं. आबांनी त्याला उचलून घेतलं. गिऱ्हाइकाने त्यांच्याकडून आरोळी शिकून घेतली आणि गाववाल्यांना समजावलं. पिल्लं तिथेच राहिली.

मग गिऱ्हाइकाच्या बायकोने पानं वाढली. आबा बसले आणि पोटभर जेवले. पलीकडे दहा पावलांवर डुकरांचं कुंपण!

परतताना जीपमध्ये मी बोललेच. "डुकरं पाळणाऱ्यांकडं जेवायचं नाय, असा तुमचा नेम ना? मग आज कसं चाललं? वाईट काय ती माझीच भाकरी?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तिनं बोलावलं, मी जेवलो. पिल्लासाठी तू आलीस, मी उठून आलो. रागात बोलून गेलो होतो गो मी. बांधावरनं रोज ऐकायचो, डुकरांना या गो बायांनो म्हणायचीस. मला जेवायला हाक मारलीस कधी?"

खरंच मारली नव्हती. एकदाही नाही.

त्या संध्याकाळी भाकऱ्या झाल्यावर मी अंगणात उभी राहिले आणि हाक मारली, "आबा, जेवायला या." आवाज चिरकला. जाऊ बाहेर आली आणि म्हणाली, त्यांचं आत्ताच झालं जेवण.

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवायच्या आधीच हाक मारली.